सत्तावीस नंबरचा रकाना

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी मोहन गेला. बूट घालायला खाटेवर बसला आणि उठला नाही. त्याच्या आधीच्या शुक्रवारी मी प्रयोगशाळेच्या वहीत लिहिलं होतं: स्फटिक सत्तावीस, प्रकाश नाही.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही हे मला कळतं. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं, त्यात वहीचा काही भाग नव्हता. तरी इतक्या वर्षांत मला त्या दोन गोष्टी वेगवेगळ्या आठवता आलेल्या नाहीत. ऑक्टोबर लागला की त्या एकामागोमाग एक येतात. आधी वही, मग बूट.

मी आता बोरिवलीला राहते. पाऊस संपलेला असतो, थंडीला अजून वेळ असतो, आणि मधल्या जागेत ऊन येऊन बसतं. दुपारी वारा पडतो. उद्यानाच्या बाजूचे डोंगर अजून हिरवे दिसतात, पण गवताची टोकं पिवळी पडायला लागलेली असतात. गॅलरीत टाकलेले कपडे तासाभरात वाळून कडक होतात. ते काढायला जावं, तर तापलेल्या कठड्याला हात लागतो आणि चटका बसतो. तो चटका मला थेट मरोळच्या शेडमध्ये नेऊन सोडतो.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिकच्या बादल्या बनवणारा एक कारखाना आणि पत्रे कापणारं एक वर्कशॉप यांच्या मधे आमची प्रयोगशाळा होती. सरकारी अनुदानावर चालणारी, चार खोल्यांची, डोक्यावर सिमेंटचे पत्रे. ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. आमच्या क्षेत्रातल्या लोकांच्या तोंडी तेव्हा एकच गोष्ट होती: सूर बदलता येईल असा लेसर. तोवरचे बहुतेक लेसर एकाच रंगाला चिकटून बसणारे होते. पेटीची पट्टी दाबली की ठरलेला सूर निघतो, तसे. आम्हाला हवी होती सारंगी, जिच्यावर बोट सरकवलं की सूर सरकत जातो. तोही डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांतला नाही, तांबड्याच्या पलीकडच्या अवरक्त पट्ट्यातला. त्यासाठी एक पारदर्शक स्फटिक वाढवायचा आणि वाढताना त्यात क्रोमियमची अगदी थोडी मिसळ करायची. हजारो अणूंमागे एखादा. स्फटिक हे घर आणि क्रोमियम हा त्यातला भाडेकरू, असं मोहन समजावून सांगायचा. उजेड देतो भाडेकरूच, पण कुठल्या रंगाचा द्यायचा हे घर ठरवतं.

सासूबाईंना हे पटलं नव्हतं. आम्ही तेव्हा जोगेश्वरी पूर्वेला, गुंफांच्या बाजूच्या एका दोन खोल्यांच्या घरात राहायचो. सासरे गिरणीत होते, संप फिसकटल्यावर दोन वर्षांत गेले. सासूबाई मालवणकडच्या. मोहनने त्यांना आमचं काम सांगितलं, तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे दगडात भेसळ करतत, आणि सरकार तेचो पगार देता."

"आये, भेसळ नाय गो ती."

"मगे काय ता? वाण्यान केली तर भेसळ, आणि माझ्या झिलान केली तर शोध?"

मोहन इतका हसला की त्याला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी त्याने भट्टीच्या खोलीच्या दारावर खडूने लिहिलं: भेसळ विभाग. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, आमच्या साहेबांनी, ते पुसायला लावेपर्यंत आठ दिवस राहिलं होतं.

त्या खोलीत तो राज्य करायचा. इरिडियम नावाच्या महागड्या धातूची एक वाटी, जिच्यावर साहेबांचा आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त जीव होता. तिच्यात मॅग्नेशियमची आणि सिलिकाची पांढरी पूड, आणि चिमटीत मावेल एवढी क्रोमियमची हिरवी पूड. हे सगळं वितळून पाण्यासारखं झालं की वरून एक इवलासा बीजस्फटिक अलगद टेकवायचा आणि फिरवत फिरवत वर ओढायचा. किती सावकाश, तर तासाभरात तांदळाच्या एखाद्या दाण्याच्या जाडीइतका. घाई केली तर आत बुडबुडे अडकतात. थांबलात तर गोठून बसतो. शेजारच्या वर्कशॉपातलं पत्रे कापायचं यंत्र सुरू झालं की आमचे दिवे क्षणभर मंद व्हायचे आणि मोहन तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत वीज सांभाळायचा. भट्टीला एक बारीकशी खिडकी होती. तिला वेल्डिंगची काळी काच लावून तो आत बघत बसायचा, तासन्‌तास. घरी जेवताना त्याच्या डोळ्यांभोवती त्या काचेच्या चौकटीची खूण दिसायची.

माझं काम त्याच्या कामानंतर सुरू व्हायचं. स्फटिक थंड झाला की तो गायकवाडांकडे जायचा. गायकवाड आमचे घासकाम करणारे. मूळचे जालन्याकडचे, मुलुंडला राहायचे, दोन बस बदलून यायचे. त्यांच्या बोटांना कागदाच्या जाडीइतका उंचवटा कळायचा. ते स्फटिक कापून, घासून, आरशासारखा करून माझ्याकडे द्यायचे. मी अंधाऱ्या खोलीत त्याच्यावर दिव्याचा झोत पाडायची. चांगला स्फटिक तो उजेड पितो आणि थोडा वेगळा, तांबड्याकडे झुकलेला उजेड परत देतो. तो परत आलेला उजेड एका नळीने टिपायचा, की कागदाच्या पट्टीवर पेन वर चढतं आणि खाली येतं. मग वहीत नोंद. नंबर, रंग, वजन, प्रकाश, सही. पाच रकाने.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. मोहन आणि मी एकाच वर्गात शिकलो. प्रयोगशाळेत आधी मी लागले, वर्षभराने तो. लग्न त्यानंतरचं. लग्नाचे पेढे घेऊन आम्ही शेडमध्ये गेलो, तेव्हा गायकवाड पेढा तोंडात टाकत म्हणाले, "आता काय, परबांचे सगळेच स्फटिक चमकणार. मोजणारी घरचीच."

सगळे हसले. मोहन सगळ्यांत जास्त. मीही हसले, पण ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं. दुसऱ्याच दिवशी मी दोन नियम केले. स्फटिक माझ्याकडे पाकिटातून यायचा, आणि पाकिटावर फक्त नंबर असायचा. कोणी वाढवला, कसा वाढवला, काही सांगायचं नाही. भट्टीवर त्याच्याखेरीज आणखी एक जण पाळीने काम करायचा, त्यामुळे नियमाला अर्थ होता. दुसरा नियम वहीचा. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, जे यंत्राने दाखवलं ते त्याच दिवशी शाईने लिहायचं. शेडमध्ये मी त्याला परब म्हणायची, तो मला मॅडम. घरी येताना मरोळ नाका ओलांडला की तो म्हणायचा, "आता मोहन म्हणालीस तरी चालेल."

मोहन गेला त्या वर्षीच्या पावसात भट्टीच्या झाकणाचं रबर विरलं. त्याला चीर पडली आणि आत, जिथे हवेचा कणही नको, तिथे थोडी हवा शिरत राहिली. हे लक्षात आलं तोवर स्फटिक अर्धा वर आला होता. साहेब म्हणाले, टाकून द्या. मोहन म्हणाला, आता पूर्णच करू. तो दसऱ्याच्या आधीचा आठवडा. मोहनने भट्टीला झेंडूची माळ घातली होती, ती उष्णतेने दुपारपर्यंत वाळून खडखडीत व्हायची. वाऱ्याची दिशा फिरली की मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजाराचा वास पत्र्यांखाली भरायचा. गायकवाड दसऱ्याला नागपूरला जाऊन आले, आणि आल्यावर त्यांच्या टेबलावर सत्तावीस नंबर पडलेला होता. त्यांनी तो उचलून उन्हात धरला आणि भट्टीच्या खोलीकडे बघत ओरडले, "परब, भट्टीत नीळ टाकली का काय?"

आमचे आधीचे स्फटिक हिरवट असायचे. हा निळा होता. फिरवला की एका बाजूने हिरव्याची झाक यायची, पुन्हा फिरवला की निळा. पाकिटावर नंबरच होता, पण असला रंग कुठल्या पाळीचा हे सगळ्या शेडला माहीत होतं. माझा नियम त्या एका स्फटिकापुरता मोडला होता, आणि त्यामुळे मी जास्तच ताठ झाले.

शुक्रवारी मी तो मोजला. झोत पाडला. स्फटिकाने उजेड घेतला, हे दिसत होतं. परत काहीच आलं नाही. पेन कागदावर सरळ रेघ ओढत राहिलं. आधीचे स्फटिक निदान थोडे तरी उजळायचे, हा अगदीच मुका. मी तीनदा मोजला. चौथ्यांदा मोजत असताना मोहन आत आला आणि दार लावून अंधारात उभा राहिला.

"किती?"

"काही नाही."

"काहीच नाही असं कसं? उजेड पितोय ना तो?"

"पितोय. देत नाही."

तो यंत्राजवळ आला. मग म्हणाला, "देत असेल. आपली नळी कुठवर बघते? तांबड्याच्या पलीकडे दोन पावलं. हा त्याच्याही पुढे देत असेल तर? रंग बदललाय म्हणजे आत क्रोमियमची अवस्था बदलली असणार. हवा लागलीय ना त्याला."

"असेल. पण मला नळीत जे दिसतं ते मी लिहिणार."

"पुढचं बघणारा जर्मेनियमचा डिटेक्टर दिवाळीनंतर मिळेल. मी बोलून ठेवतो. तोवर तेवढा रकाना रिकामा ठेव."

"साहेब सोमवारी दिल्लीला जातायत, आपल्या मोजण्यांचा तक्ता घेऊन. आणि रिकामा रकाना आपल्याकडे ठेवत नाहीत."

"आपल्याकडे म्हणजे तुझ्याकडे."

"हो, माझ्याकडे."

"बरं, माझ्यासाठी ठेव."

"तुझ्यासाठी तर नाहीच."

अंधारात त्याचा चेहरा मला दिसला नाही. फक्त हसल्यासारखा आवाज आला. "बरं, मॅडम," तो म्हणाला आणि दार उघडून गेला. बाहेरचं ऊन क्षणभर आत आलं. मी दिवा लावला, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.

त्याची बाजू बरोबर असू शकते हे मला तेव्हाही कळत होतं. न कळण्याइतकी मी अडाणी नव्हते. नळी कुठवर बघते हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं, ती माझीच नळी होती. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर मी रकाना रिकामा ठेवला असता. नुसता ठेवला नसता, साहेबांकडे जाऊन त्याच्या वतीने बोललेही असते. हे मी पहिल्यांदा लिहिते आहे.

रविवारी आम्ही वर्सोव्याला गेलो. सासूबाईंना सुकट हवी होती, आणि मोहनला खाडीच्या काठी उगाच हिंडायला आवडायचं. दुपार कलली होती. बांबूंच्या चौकटींवर बोंबील टांगलेले, तोंडात तोंड अडकवून, ओळीने. आम्ही बोलत बोलत मधे उभे राहिलो, तर एक कोळीण लांबूनच म्हणाली, "बाजूला व्हा. सावली पडते माझ्या म्हावऱ्यावर." आम्ही सरकलो. मोहनने तिला विचारलं, "मावशी, आभाळ आलं तरी वाळतात का?" ती म्हणाली, "वाळतात. हळू वाळतात. ऊन दिसत नाय म्हणून काय नसते काय?"

मोहनने माझ्याकडे बघितलं. तो काहीतरी बोलेल असं वाटलं, आणि तो बोलला असता तर मी तिथेच भांडले असते, आणि भांडण मिटलं असतं. पण तो फक्त हसला. मग मढला जाणाऱ्या होडीत बसू म्हणाला. पलीकडे जाऊन लगेच परत आलो, काही काम नव्हतं. येताना होडीत त्याने हात पाण्यात सोडला होता. "अर्धंअधिक ऊन आपल्याला दिसतच नाही," तो म्हणाला, "पण पाठ तापते ना, ती त्याच्यानेच." एवढंच. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तो खरोखर पाठीवरच्या उन्हाबद्दल बोलत होता. मी सुकटीचं पुडकं मांडीवर धरून बसले होते. तेलाचे, माशांचे आणि चिखलाचे वास होते. त्याच्या सदऱ्याची पाठ ओली होती.

सोमवारी साहेब दिल्लीला गेले नाहीत. दुपारी आमच्या दारात उभे होते, हातात त्या तक्त्याची फाइल. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी ती काखेत धरून मोहनला नमस्कार केला.

पुढच्या दिवसांबद्दल मला फारसं लिहिता येत नाही. दिवाळी आली आणि गेली, चाळीत आमच्या घरी कंदील नव्हता. भट्टीला नवीन रबर आलं. हवा शिरायची बंद झाली, त्यामुळे निळे स्फटिकही बंद झाले. माझ्या तक्त्याच्या आधारे साहेबांनी लिहिलं की हवा लागलेला स्फटिक निरुपयोगी ठरतो. जर्मेनियमचा डिटेक्टर दिवाळीनंतर मोकळा झाला होता. मी तो मागितला नाही. एक महिना नाही, दुसरा नाही, चौथा आला तरी नाही. सत्तावीस नंबर माझ्या खणात पाकिटात होता. खण उघडला की मी त्या बाजूला हात नेत नव्हते. न मोजला तर तो मुका असण्याची शक्यता शिल्लक राहत होती. तो मुका निघाला असता तर माझी ओळ खरी ठरली असती, आणि मला ती खरी ठरायला हवी होती. नवरा गेलेल्या बाईने मनात असं काही धरावं, हे मला स्वतःलाच भीतीदायक वाटायचं.

एके दिवशी सासूबाईंनी विचारलं. आम्ही दोघीच जेवत होतो. म्हणाल्या, "गो, तेचो तो दगड. निळो. तो पेटलो काय?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तेनाच. आयतवारी रात्री जेवताना. तू भांडी घासूक गेललंस. म्हणालो, आये, मी एक निळो दगड केलंय, तो पेटतलो."

मी नाही म्हटलं. अजून नाही. त्या म्हणाल्या, "मगे बघ." आणि भात कालवायला लागल्या.

मी डिटेक्टर मागितला, तो दुसऱ्या आठवड्यात आला. तो नुसता चालत नाही, त्याला अतिशय थंड ठेवावं लागतं, आणि त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन लागतो. तो आमच्याकडे नव्हता. गायकवाडांनी पत्ता काढला: आरे कॉलनीत गुरांच्या केंद्रावर मिळतो, वळूंचं बीज गोठवून ठेवायला तिथे लागतो. आम्ही दोघं रिक्षाने गेलो आणि दूध न्यायच्या कॅनसारखा एक फ्लास्क भरून घेतला. परत येताना त्याच्या तोंडातून पांढरी वाफ रिक्षाभर पसरली.

"मॅडम, धुआँ निकल रहा है," रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला. "फटेगा तो नहीं?"

"अरे, फटेगा नहीं," गायकवाड म्हणाले. "बर्फ का बाप है वो. तू आगे देख."

"बर्फ का बाप, और तबेले से लाया?"

त्या महिन्यांत मी पहिल्यांदा हसले. मग रिक्षा थांबेपर्यंत रडत होते. गायकवाड बाहेरच्या झाडांकडे बघत बसले. मरोळ जवळ आल्यावर हळूच म्हणाले, "मॅडम, ते पेढ्याच्या वेळचं. मी उगाच बोललो होतो."

"तुम्ही गंमत केली होती."

"हो. पण तुम्ही ती फार मनावर घेतली. परब मला म्हणायचे, गायकवाड, तुमच्या एका वाक्याने माझी बायको न्यायाधीश झाली."

अंधाऱ्या खोलीत मी सत्तावीस नंबर बसवला. माझे हात नीट चालले, त्याचं मला आश्चर्य वाटलं. झोत पाडला. कागदाची पट्टी सुरू केली. जुनी नळी जिथे आंधळी होत असे तिथवर पेन सरळ रेघ ओढत गेलं, अगदी त्या शुक्रवारसारखी. मग त्या जागेच्या पुढे ते हललं. वर चढायला लागलं. चढतच राहिलं, सावकाश, कुठेही न अडखळता, आणि माथ्यावर बराच वेळ राहून तितक्याच सावकाश उतरलं. सुळक्यासारखी रेघ असती तर एकाच सुराचा उजेड. ही पसरट, रुंद टेकडी होती. म्हणजे सारंगी. आम्ही जे शोधत होतो तेच. ते माझ्या खणात पाच महिने पडून होतं.

गायकवाड कागदाकडे बघत होते. वाकून त्यांनी विचारलं, "हे परबांचंच ना?"

"हो."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मी वही काढली. आमच्याकडे चुकलेली नोंद खोडत नाहीत. तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि बाजूला सही करायची. मी रेघ मारली. सही केली. बाजूला बरोबर काय ते लिहिलं. जागा थोडी होती, अक्षर बारीक आलं.

कागदाची ती पट्टी मी घरी नेली. सासूबाईंनी चष्मा लावला आणि ती जमिनीवर पसरली. म्हणाल्या, "उजेड खंय आसा?"

"तो डोळ्यांना दिसत नाही, आई. यंत्राला दिसला, त्याने हे काढलं."

त्यांनी रेघेवर बोट ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे नेलं. सपाट भागावर, मग वर, माथ्यावरून, मग खाली. पुन्हा पहिल्यापासून नेलं. "डोंगुर," त्या म्हणाल्या. मग बोट माथ्यावर ठेवून बराच वेळ बसल्या. ती पट्टी त्यांनी मला परत दिली नाही. त्यांच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत, शेवटपर्यंत होती.

साहेबांनी भट्टीचं रबर पुन्हा सैल करायला लावलं, आता हिशेबाने हवा सोडायची म्हणून. कामाला वेग आला. पण त्याच सुमारास टपालाने आलेल्या एका नियतकालिकात आम्हाला दिसलं की परदेशात कोणीतरी याच दगडातून, याच निळ्या अवस्थेतून, याच पट्ट्यातला लेसर काढला होता. साहेबांनी तो अंक माझ्या टेबलावर ठेवला. "ऑक्टोबरात कळलं असतं तर..." एवढं म्हणाले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबले. वाक्य पूर्ण करायची गरज नव्हती. ऑक्टोबरात रकाना रिकामा राहिला असता तर दिवाळीनंतर कोणीतरी तो भरायला आलंच असतं. रिकाम्या रकान्याचा गुण तोच असतो. मोहनला ते माहीत होतं.

पहिलं ठरण्याची त्याला हौस नव्हती, असं मी स्वतःला सांगायची. ते खरं नाही. हौस होती. अशा कामात ती सगळ्यांनाच असते.

सत्तावीस नंबरमधून लेसर निघाला, मोहन गेल्याच्या पुढच्या वर्षी, असाच ऑक्टोबर होता. परदेशातल्या बातमीनंतर तो फक्त आमच्यासाठी होता. न दिसणारा उजेड बघायला एक लहानसं कार्ड वापरतात. त्याला आधी साधा उजेड दाखवून ठेवायचा, मग अंधारात अवरक्त झोत त्याच्यावर पडला की तिथे नारिंगी ठिपका उमटतो. आधीचा साठवलेला उजेड त्या ठिकाणी बाहेर येतो. मी कार्ड दिव्याखाली धरलं, दिवा घालवला आणि झोताच्या वाटेत नेलं. ठिपका उमटला. गायकवाड लोलक हळूहळू फिरवत होते. लेसरचा सूर सरकत होता, मापकावरचा आकडा बदलत होता, आणि कार्डावरचा ठिपका मात्र तसाच नारिंगी. एका जागी ठेवलं की तो फिका पडायचा. पुन्हा दिव्याखाली न्यावं लागायचं. मी कितीतरी वेळा नेलं. शेवटी गायकवाड म्हणाले, "मॅडम, जेवण करून घेऊ." तेव्हा थांबले.

आता घरोघरी टीव्हीच्या रिमोटमधून तसलाच न दिसणारा उजेड निघतो आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. मी बटण दाबते तेव्हा कधीकधी बोट थांबतं. माझ्या हातून त्या शुक्रवारी खोटं काही लिहिलं गेलं नव्हतं. यंत्राने जे दाखवलं ते मी लिहिलं. माझ्या जागी कोणीही हेच म्हणेल, आणि मला तेवढ्याने बरं वाटत नाही. मला तो अंधार परत हवा आहे, दार लावून तो उभा असलेला. तो पुन्हा म्हणेल, माझ्यासाठी ठेव. मी टोपण लावून पेन खाली ठेवीन, आणि आम्ही मरोळ नाका ओलांडून घरी जाऊ.

शेड पाडली, त्याला बरीच वर्षं झाली. सासूबाई गेल्या. गायकवाड निवृत्त होऊन गावी गेले. जायच्या आधी, रद्दीत निघालेल्या कागदांतून त्यांनी ती वही शोधून मला आणून दिली. वहीत सत्तावीस नंबरची ओळ आहे, तिच्यावर एक रेघ आहे, बाजूला माझी सही आहे. स्फटिक फोटोच्या रोलच्या काळ्या डबीत आहे. ऑक्टोबरात मी तो खिडकीत काढून ठेवते आणि संध्याकाळी परत डबीत ठेवते.